आशीर्वादित काका

आशीर्वादित काकांना ‘कसे आहात?’ असं विचारायचं नसतं. विचारलंच, तर दोन्ही हात खांद्यापर्यंत वर जातात, चष्मा नाकावरून घसरतो आणि उत्तर येतं, “आशीर्वादित!” ताप एकशे दोन असला तरी आशीर्वादित. नो-पार्किंगमधून स्कूटर उचलून नेली, ती सोडवायला पायी निघालेत, तरी आशीर्वादित. एकदा दाढ काढून घरी येत होते. तोंडात कापसाचा बोळा, एक गाल सुजलेला. समोरून कुणीतरी सवयीने विचारलं. काकांना बोलता येईना, पण गप्पही राहवेना. त्यांनी आधी आभाळाकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीकडे आणि मग सुजलेल्या गालाकडे. विचारणारा बिचारा समजला की काकांना देवाने मारलं.

असे एक काका मराठी ख्रिस्ती मंडळीत जवळपास प्रत्येक गावी असतात. नगरला असतात, मिरजेला असतात, नाशकात तर गल्लीला एक असावेत. उपासनेला पहिल्या बाकावर बसतात, पाळकांच्या आधी ‘आमेन’ म्हणतात, आणि देवाकडे आपलं एक चालू खातं आहे अशी त्यांची खात्री असते. आमचे काका इंदूरच्या परदेशीपुऱ्यात राहतात.

परदेशीपुरा म्हणजे गिरण्यांच्या सावलीतली वस्ती. एका अंगाला नंदानगर, दुसऱ्या अंगाला पाटणीपुरा, पुढे मालवा मिल. भोंगा कधीच बंद झाला, पण जुनी माणसं अजून ‘दुसऱ्या पाळीच्या वेळेला ये’ असं म्हणतात. काकांचे आजोबा नगरकडून आले. इंदुरात १८७७ पासून कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी जम बसवला होता, १८८७ मध्ये त्यांचं ख्रिश्चन कॉलेज निघालं, आणि त्या कामाच्या आधाराने ज्या नेटक्या, अबोल, इस्त्रीच्या कॉलरच्या कुटुंबांनी इथे घरं केली, त्यांतलं हे एक. त्या पिढीची भरभराटीची कल्पना अगदी मोजकी होती. मुलगी नर्स झाली, मुलगा मॅट्रिक झाला, वाण्याची उधारी नाही आणि कबरस्तानाची वर्गणी भरलेली आहे, की माणूस यशस्वी. देवाकडे काही मागायचं तर भाकरीपुरतं, तेही खालच्या आवाजात.

काकांनी हा आवाज एकदम वाढवला. त्याला कारण आहे. ते हुकुमचंद मिलमध्ये साचाखात्यात होते. सर सेठ हुकुमचंदांची गिरणी. ज्या सेठांना लोक कापसाचा राजा म्हणत, ज्यांच्या काचमंदिरात अजून पाहुण्यांना फिरवून आणतात. ती गिरणी १९९१च्या डिसेंबरात बंद पडली. काका तेव्हा ऐन तिशीतले, घरी लहान मूल, आणि नाताळ दोन आठवड्यांवर. त्याच सुमाराला गल्लीत केबलची वायर आली. गिरणी बंद आणि केबल चालू. घरी बसलेल्या काकांपुढे पांढऱ्या सुटातले अमेरिकन उपदेशक येऊन उभे राहिले आणि म्हणाले, देवाला तू गरीब असलेला बघवत नाही. बायको सोडून हे काकांना दुसरं कुणी सांगत नव्हतं. बायको फक्त पहिला भाग वगळून सांगायची.

ही शिकवण मूळची ओक्लाहोमाच्या ओरल रॉबर्ट्स वगैरे मंडळींची. देवाच्या कामाला दिलेला पैसा म्हणजे पेरलेलं बी, ते कैक पटींनी उगवून येणार. आमच्या तेव्हाच्या वयस्क पाळकांनी एकदा काकांकडून हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाळ, हे बी नाही. हा मटका आहे.” गिरणीच्या वस्तीत राहून म्हातारबुवांना मटका चांगला कळत होता. काका आदराने “सलाम, पाळकसाहेब” म्हणाले आणि घरी जाऊन मंडळीच्या पेटीसाठी शंभराची नोट बाजूला काढून ठेवली.

पुढची काही वर्षं देवाने काकांसाठी दारं उघडण्याची होती. पहिलं दार एस.टी.डी. बूथचं. ते उघडलं आणि लोकांच्या खिशात मोबाइल आले. मग घरोघर साबण आणि टूथपेस्ट विकायच्या साखळीचं दार. त्यात साखळी पूर्ण झाली नाही, पण टूथपेस्ट घरात चार वर्षं पुरली. मग गच्चीवर मश्रूम. परदेशीपुऱ्याच्या मे महिन्यात मश्रूम! प्रत्येक दार उघडताना काका आनंदाश्रू ढाळत आणि बंद होताना म्हणत, “दुसरं उघडायचंय ना, म्हणून हे लावलं त्याने.” काकू एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, “सगळी दारं उघडीच आहेत. म्हणून तर घरात इतक्या माशा.”

काकूंविषयी आधी सांगायला हवं होतं. त्या सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या. गल्लीत कुणाला इंजेक्शन द्यायचं असो की कुणाची नाडी बघायची असो, लोक काकांच्या दारावर येतात आणि काकांच्या खांद्यावरून आत बघत विचारतात, “सिस्टर आहेत का?” काका विश्वासाने जगतात आणि काकूंच्या पेन्शनवर घर चालतं. या व्यवस्थेत दोघांनाही काही विसंगत वाटत नाही. “पेन्शन कुणी दिली?” काका विचारतात. “मध्य प्रदेश शासनाने,” काकू सांगतात. “आणि शासन कुणी दिलं?” इथे काकू उठून कुकरकडे जातात.

काका वचनं म्हणत नाहीत, वचनांचे आकडे म्हणतात. पवित्र शास्त्रातलं पुस्तक, अध्याय, ओळ, बास. भाचीची परीक्षा हुकली की “यहोशवा एक आठ.” पंप बंद पडला की “फिलिप्पैकर चार तेरा.” दशमांशाचा विषय निघाला की “मलाखी तीन दहा,” आणि एखाद्याची तब्येत व धंदा दोन्ही एकदम सुधारायचे असले की “तिसरा योहान, दोन.” ‘पहिला इतिहास चार दहा’मधला याबेस तर काकांचा खास माणूस. सगळ्या शास्त्रात दोन ओळींपुरता येतो, माझी सीमा वाढव असं देवाला म्हणतो आणि देव ती वाढवतो. काकांनी याच प्रार्थनेच्या बळावर शेजारच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड घातली होती. पालिकेने ती काढायला लावली. पालिकेने याबेस वाचला नव्हता.

सगळ्यांत लाडका आकडा मात्र यिर्मया २९:११. तुमच्याविषयी माझ्या मनात भल्याच्याच योजना आहेत, असं देव तिथे सांगतो. दारावर हाच आकडा, पाकिटात हाच, मोबाइल उघडायलाही हाच. त्यामुळे काकांचा मोबाइल मंडळीतली सगळी पोरं उघडतात. काकूंनी या वचनावर एकदाच बोट ठेवलं. म्हणाल्या, “अकरावं वाचता, दहावं का नाही वाचत?” काकांनी नाइलाजाने वाचलं. दहाव्यात म्हटलंय की हे सगळं होईल, पण बाबेलमध्ये सत्तर वर्षं काढल्यावर.

काकांनी जुनी स्कूटर विकून नवी घेतली तेव्हाची गोष्ट. एमपी ०९ च्या पुढे २९११ हवा, म्हणून त्यांनी एजंटाच्या खेपा घातल्या, सात दिवस संध्याकाळचं जेवण सोडलं. एजंट चांगला माणूस. “हो जाएगा भिया,” म्हणायचा. नंबर आला तो १९२४. काकांनी तो मोठ्याने वाचला आणि काकूंनी हातातलं भांडं खाली ठेवून पदर तोंडाला लावला. मत्तय १९:२४. तो उंट, आणि ते सुईचं नेढं, आणि तो स्वर्गाच्या दाराशी अडकलेला श्रीमंत.

काका हार मानणारे नव्हेत. शास्त्रात सहासष्ट पुस्तकं आहेत, एकोणीस चोवीस काय एकट्या मत्तयाचं आहे? त्यांनी चष्मा पुसला आणि तिथेच ओट्यावर बसून शोध सुरू केला. आधी स्तोत्रसंहिता, कारण तिथे सहसा गोडच असतं. पण एकोणिसावं स्तोत्र चौदा ओळींत संपतं. मग उत्पत्ती. उत्पत्ती १९:२४ मध्ये सदोम-गमोऱ्यावर आभाळातून गंधक आणि आग पडते. नव्या गाडीला हे बरं दिसेना. मग नीतिसूत्रे, शलमोनाचं शहाणपण, जगातल्या सगळ्यांत श्रीमंत राजाचं पुस्तक. काकांनी मोठ्या आशेने पान उलटलं. तिथे एक आळशी माणूस आहे. तो ताटात हात घालतो, पण तो तोंडापर्यंत न्यायचाही त्याला कंटाळा येतो. काकूंना आता बसावं लागलं. काकांनी पुस्तक मिटलं आणि गंभीरपणे म्हणाले, “नंबरात काय असतं?”

तरीही नव्या गाडीसाठी प्रार्थना झालीच. काकांकडे कुठलीही वस्तू प्रार्थनेवाचून घरात येत नाही. फ्रीज आला तेव्हा झाली, मिक्सरला झाली, इन्व्हर्टरला तर उपकारस्तुतीची सभा झाली आणि नेमके तेव्हाच दिवे गेले. लोकांनी ‘आमेन’ इतक्या जोरात कधी म्हटलं नसेल. या सभांना मंडळी येते ती खरं तर काकूंच्या पोह्यांसाठी. इंदुरी पोहे, वाफेवरचे, वर शेव, जिरावण, कांदा, लिंबू, बाजूला जिलबी. आणि काकांची प्रार्थना पोहे वाढून झाल्यावर सुरू होते. आधी ते सृष्टीच्या निर्मितीबद्दल आभार मानतात, मग देशाच्या पुढाऱ्यांना सुबुद्धी मागतात, मग एकेका नातेवाइकाच्या कर्जाचा हप्ता नावानिशी देवापुढे ठेवतात. ज्यांनी आपलं कर्ज घरात लपवून ठेवलं होतं, त्यांच्या बायकांना ते इथे कळतं. तोवर पोह्यांची वाफ गेलेली असते, शेव सादळलेली असते. इंदुरात याहून मोठं पाप नाही, पण मिटल्या डोळ्यांनी कोण बोलणार?

दशमांश हा काकांचा प्राण. उत्पन्नातला दहावा हिस्सा देवाचा, हे आम्हा सगळ्यांनाच लहानपणापासून शिकवलेलं. काका ते पैशापर्यंत पाळतात. त्यांच्याकडे एक वही आहे. सिलिंडरची अनामत परत मिळाली, तिचा दशमांश. मोबाइलच्या रिचार्जवर सात रुपये परत आले, त्यातले सत्तर पैसे. लग्नात आहेराचं पाकीट मिळालं, त्यातही दहावा हिस्सा. एकदा साडीचा दहावा भाग कसा काढायचा यावर ते फार अस्वस्थ होते. काकूंनी भाजीला पाचशे दिले की पन्नास वहीत जायचे आणि कोथिंबीर यायची नाही. पुष्कळ वर्षं भांडून झाल्यावर काकूंनी औषधाच्या मात्रा काढायचं जुनं गणित वापरलं. आता त्या पाचशे छप्पन्न देतात. कापून पाचशेला कमी पडत नाही, आणि देव व कोथिंबीर दोघांचंही भागतं.

आता ऐकणाऱ्याला वाटेल की हा गृहस्थ पैशाचा लोभी. काका स्वतःही तसंच समजतात. विजयनगरच्या एका बंगल्याचं चित्र त्यांनी कुठल्याशा मासिकातून कापून शास्त्रात घालून ठेवलंय आणि रोज सकाळी त्यावर हात ठेवून ‘पार्किंगसकट’ म्हणतात. (त्या पानाच्या मागे काकूंची कुलकुलांची कृती होती. त्या वर्षी नाताळला कुलकुलं अंदाजाने झाली आणि दाताने फुटेनात.) पण पैसा हातात आला, की या माणसाला तो ठेवताच येत नाही. दारात कुणी आलं, रडलं, की काकांना तिथे बी पेरायची जागा दिसते. पन्नास पेरतात, पाचशे पेरतात, छत्री पेरतात. पीक कुठे उगवलं म्हणून विचारायला पुन्हा जात नाहीत. ते अमेरिकन उपदेशक हे ऐकते तर कपाळाला हात लावते. त्यांच्या हिशोबात पेरणी होती, ती कापणीसाठी.

कापणीवरून आठवलं. आमच्या मंडळीत कापणीचा सण होतो. लोक आपापल्या घरचं काहीबाही वेदीपुढे आणून ठेवतात, गहू, केळी, गरम मसाला, कोंबडी, आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. पैसा मंडळीच्या कामाला जातो, म्हणून बोली चढवणं हे पुण्याचं. काकूंनी एका वर्षी गच्चीवरच्या वेलाचा लाल भोपळा नेला. काकांना ते ठाऊक नव्हतं, ते कॅरलच्या पोरांची पेटी दुरुस्त करत बसले होते. भोपळा पुढे आला, काकांना स्फूर्ती झाली. शंभर. पलीकडून एक रेल्वेतले साहेब, दीडशे. काका दोनशे. बायकांच्या बाकावरून काकू खाणाखुणा करतायत, त्या काकांना प्रोत्साहनासारख्या वाटल्या. भोपळा अकराशेला सुटला. काका तो खांद्यावर घेऊन विजयी मुद्रेने बायकोकडे आले आणि म्हणाले, “असा भोपळा इंदुरात बघितलायस कधी?” काकू म्हणाल्या, “रोज पाणी घालते त्याला.” ते अकराशेही काकूंचेच होते.

काकू ‘स्मृतिचित्रे’ अधूनमधून काढून वाचतात. लक्ष्मीबाई टिळकांचं आणि त्यांचं काही फार खासगी नातं आहे. रेव्हरंड टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. तिकडे ते उदार व्हायचे आणि इकडे लक्ष्मीबाई डबे खरवडायच्या. काकांनी हे बरोबर हेरलं आणि एकदा म्हणाले, “बघ, टिळकांनीसुद्धा १९१७ला मिशनचा पगार सोडून देवाचा दरबार काढला. मोठी माणसं पैशाचा विचार करत नाहीत.” काकू चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “टिळकांनी पगार सोडला. तुम्हाला पगाराने सोडलं.”

आणि तरी तीस-बत्तीस वर्षं हा माणूस एक गोष्ट ठामपणे म्हणत आला होता: गिरणीचे पैसे मिळणार, आणि नाताळच्या आत मिळणार. कुठला नाताळ, एवढंच कळायचं राहिलं होतं. बाकीचे कामगार कोर्टाच्या तारखा सांगत, काका आकडे सांगत. साचाखात्यातले जुने सोबती त्यांची थट्टा करत. पुढे थट्टा करणारे एकेक करून कमी होत गेले. काका त्या सगळ्यांच्या अंत्ययात्रांना गेले. हिंदू मित्राची असेल तर स्मशानात एका बाजूला उभं राहून मनातल्या मनात प्रार्थना करायचे. ही एकच प्रार्थना काका थोडक्यात आटपत.

मग ते झालं. हुकुमचंदच्या कामगारांच्या देण्याचा सुमारे २२४ कोटींचा धनादेश दिल्लीहून पंतप्रधानांच्या उपस्थितीत, पडद्यावरून, दिला गेला. कार्यक्रम इंदुरात, तारीख २५ डिसेंबर २०२३. सरकारी खात्यात तो सुशासन दिन म्हणून ठेवला होता, पण काकांना कोण समजावणार? नाताळच्या सुटात, कोटाला गुलाब, ते उपासनेतून थेट कार्यक्रमाला गेले आणि जो भेटेल त्याला आधी ‘मेरी क्रिसमस’ आणि मग ‘मैंने बोला था ना’ म्हणत सुटले. काकूंना फोन केला. काकू म्हणाल्या, “सत्तर सांगितली होती, बत्तिसात भागलं. निम्म्यावर सुटलात.”

पैसे खात्यात यायला आणखी वेळ गेला, आणि आले ते काही बंगल्याचे नव्हते. मंडळीला साक्षीची भीती होती. काका साक्ष द्यायला उभे राहिले की पाळक घड्याळ काढून व्यासपीठावर ठेवतात. काकांनी त्या रविवारी मलाखी, याबेस, यिर्मया सगळं घेतलं, एस.टी.डी. बूथसुद्धा घेतलं, आणि मग साचाखात्यातल्या जे पैसे न बघता गेले त्यांची नावं घ्यायला लागले, पाळीप्रमाणे, पहिली, दुसरी, तिसरी. हा भाग आकड्यांत बसत नव्हता. पाळकांनी घड्याळ खिशात घातलं. उपासना पाऊण तास लांबली, घरोघरची मटणं आटली, पण त्या दिवशी कुणी कुरकुरलं नाही.

दशमांश अर्थातच पहिल्या दिवशी गेला. मग एका सोबत्याच्या विधवेच्या घरावर पत्रे पडले. मग कुणाच्या नातवाची फी. अनंत चतुर्दशीला गिरण्यांचे चित्ररथ, इथल्या भाषेत झाक्या, रात्रभर निघतात. त्यांच्या वाटेवर काका दरवर्षी पाण्याचा पिंप घेऊन उभे असतात, त्या वर्षी सरबत होतं. काकू पासबुक बघत आणि आकडा चढण्याऐवजी उतरताना पाहून काहीच बोलत नसत, म्हणजे फार रागावलेल्या असत. शेवटी त्यांनी एक मुदत ठेव स्वतःच्या नावावर करून घेतली आणि पावती आपल्या जुन्या युनिफॉर्मच्या खिशात ठेवली. काकांना तिचा पत्ता नाही. काकांच्या मते ते पैसे कुठेतरी पेरले गेलेत.

उरल्यासुरल्यातून काकांनी शेजारच्या पोराला ई-रिक्षाच्या पहिल्या भरण्याला मदत केली. पोराने मागच्या बाजूला ‘जय महाकाल’ लिहून घेतलं. काकांनी गळ घातली म्हणून त्याखाली ‘यिर्मया २९:११’ही आलं. प्रवाशांना तो रिक्षाच्या स्टँडचा नंबर वाटतो. पेंटर अजून पाटणीपुऱ्याच्या कोपऱ्यावर ब्रश धूत होता, तोवर काकू तिथे पोचल्या आणि म्हणाल्या, अकराच्या आधी दहा पण लिही. तो म्हणाला, अक्षराचे पैसे लागतील, सिस्टर. काकूंनी पेन्शनमधून दिले. रिक्षाची पहिली कमाई पोराने काकांच्या हातावर ठेवली, तेव्हा काकांनी लगेच वही काढली, आणि या पैशाचा दशमांश पोराने काढायचा, काकांनी काढायचा की पेंटरचे पैसे देणाऱ्या काकूंनी, यावरचा वाद अजून मिटलेला नाही. काकू म्हणतात, महाकालला विचारा, तोही भागीदार आहे.